पाण्याविना पाणीदार

‘पाणीदार’ या शब्दाचा अर्थ वर्गात ‘तेजस्वी’ असा सांगून आपण पुढे जातो. मोत्याच्या बाबतीत तेवढे पुरते. तलवारीच्या पाण्यात मात्र चमकेबरोबर लोहाराची भट्टीही आहे. लाल तापलेले पोलाद पाण्यात बुडवले की ते कठीण होते; त्यालाच आपण पात्याला पाणी पाजणे म्हणत आलो. पण कठीणपणाच्या पाठोपाठ ठिसूळपणा येतो. पृष्ठभाग कठीण व्हावा आणि गाभा चिवट राहावा, हे कसे साधायचे, हा या विद्येचा जुना प्रश्न होय.

जुने उत्तर संथ होते. मऊ लोखंड कोळशाच्या भुकटीत बंद करून दीर्घकाळ तापवायचे, म्हणजे कार्बन पृष्ठातून आत मुरतो. कारागिरांच्या हातात असलेल्या अशा ज्ञानावर फ्रान्समध्ये रेओम्यूर याने १७२२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला.

१९६० मध्ये थिओडोर मेमन याने पहिला लेसर चालवून दाखवला. चारच वर्षांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर सिद्ध झाला. तो घडवणारे कुमार पटेल बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. या लेसरची शक्ती वाढत गेली, तसा १९७० च्या दशकात तो कारखान्यांत धातूंचे पृष्ठभाग कठीण करू लागला.

लेसर मिश्रधातुकरण ही त्यापुढची पायरी. किरणाने पोलादाचा पातळ थर वितळवायचा आणि त्या द्रवात क्रोमियम, बोरॉन किंवा टंगस्टन कार्बाइडची भुकटी मिसळायची. किरण पुढे सरकताच थर थिजतो आणि वर वेगळाच मिश्रधातू तयार होतो. येथे पाणी लागत नाही. खालचे थंड पोलादच उष्णता ओढून घेते. गाभाच पृष्ठाला पाणी पाजतो, असे म्हणता येईल. हे थिजणे फार वेगाने होत असल्याने थराला तडे जाण्याचा धोका असतो, तो सांभाळावा लागतो.

समीक्षेत ‘वरवरचे’ हा शब्द आपण निंदेने वापरतो. हा इतिहास वाचल्यावर तो इतक्या सहजतेने वापरता येऊ नये. झीज पृष्ठालाच सोसावी लागते, आणि त्याचा कठीणपणा गाभ्याच्या आधाराने येतो. पोलादातून पाणी गेले तरी ‘पाणीदार’ हा शब्द राहील. परंतु त्यामागची भट्टी आपण विद्यार्थ्यांना सांगितली नाही, तर त्या शब्दाची धार आपल्याच हातून बोथट होईल.