गावाचं सांडपाणी: शोषखड्डा, तळं की मशीन? ठराव घेण्याआधी हे तपासा

नळयोजनेमुळे घरोघरी पाणी आलं, पण वापरलेलं पाणी जायचं कुठे, हा प्रश्न अनेक गावांत तसाच आहे. मोरीचं पाणी रस्त्यावर, तिथून नाल्यात आणि शेवटी नदीत किंवा विहिरीच्या कडेला मुरतं. यावर उपाय म्हणून सांडपाणी प्रकल्पाचा विषय ग्रामसभेत येतो. पण शहरात चालणारी मशिनरी गावात चालेलच असं नाही. पाच वर्षांनीही ग्रामपंचायतीला जी चालवता येईल, तीच पद्धत गावासाठी योग्य.

आधी पाण्याचा हिशोब

जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं जातं. म्हणजे २,००० लोकवस्तीच्या गावाला रोज १ लाख १० हजार लिटर. त्यातलं साधारण ६५ ते ७० टक्के पाणी सांडपाणी होतं, म्हणजे ७० हजार लिटरच्या पुढे. दहा हजार लिटरचे सात टँकर रोज रस्त्यावर ओतल्यासारखंच हे आहे.

मोरीचं आणि संडासचं पाणी वेगळं ठेवा

आंघोळ, भांडी, कपडे यांचं पाणी कमी घाण असतं आणि ते स्वस्तात जिरवता येतं. संडासचं मैलापाणी त्यात मिसळलं की सगळंच पाणी धोकादायक होतं आणि खर्च वाढतो. संडासला दोन शोषखड्डे असतील तर एक भरल्यावर दुसरा सुरू करायचा. बंद केलेल्या खड्ड्यातल्या मैल्याचं दीड-दोन वर्षांत खत होतं. सेप्टिक टाकी असेल तर तिचा पाइप उघड्या गटारात सोडू नये.

पर्याय कोणते?

१. घरोघरी शोषखड्डा: मुरमाड जमीन असलेल्या गावात हा पहिला पर्याय. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी गाव यासाठीच ओळखलं जातं. गटारं बंद करून घरोघरी शोषखड्डे केले, साचलेलं पाणी गेलं आणि डासही कमी झाले. पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून रोजगार हमीतून ही कामं इतर गावांत झाली. साधारण चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा, मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगड-गोटे, अशी त्याची रचना. खरकटं आणि साबणाचा गाळ आधीच अडवला नाही तर खड्डा बुजतो.

काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही. तिथे खड्डा खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम फार खोल असेल तर हा पर्याय सोडलेला बरा. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं तिथेही शोषखड्डा नको. विहीर किंवा बोअरपासून किमान १० ते १५ मीटर अंतर ठेवावं.

२. स्थिरीकरण तळी: गटाराचं पाणी गावाबाहेर एका मागोमाग एक अशा तळ्यांत थांबवायचं. पहिल्या खोल तळ्यात गाळ बसतो, पुढच्या उथळ तळ्यांत ऊन, शेवाळ आणि जिवाणू पाणी सुधारतात. लाईट लागत नाही, पण जागा लागते. माणशी एक चौरस मीटर धरला तरी २,००० लोकांसाठी सुमारे अर्धा एकर. जागा गावाच्या उताराला हवी, नाहीतर पंप बसवावा लागतो.

३. झाडांचा गाळणपट्टा: खडीच्या थरात कर्दळ किंवा पाणकणीस लावून खडीतून पाणी सोडायचं. पाणी वर साचत नाही, त्यामुळे डास होत नाहीत. तळ्यापेक्षा जागा कमी लागते. मात्र आधी गाळ बसवायची टाकी हवीच, ती नसेल तर खडी चोंदते.

४. ब्लोअरवर चालणारा एसटीपी: जागा सर्वात कमी लागते आणि पाणी चांगलं निघतं. पण जिवाणूंना सतत हवा द्यावी लागते. दोन एचपीचा ब्लोअर दिवसरात्र चालला तर रोज सुमारे ३६ युनिट, महिन्याला हजारावर युनिट जळतात. लाईट बराच वेळ गेली की जिवाणू मरू लागतात. शिकलेला ऑपरेटर, सुटे भाग आणि गाळाची विल्हेवाट हा खर्च वेगळाच. बाजारपेठेच्या मोठ्या गावाला हे परवडू शकतं, छोट्या वाडीला नाही.

पैशाचं गणित

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी ५,००० पर्यंत लोकवस्तीच्या गावांना माणशी २८० रुपये आणि त्यापेक्षा मोठ्या गावांना ६६० रुपयांपर्यंतची मर्यादा ठरवण्यात आली. त्यातला ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा. २,००० लोकवस्तीला हा आकडा होतो ५ लाख ६० हजार. इतक्या पैशात शोषखड्डे आणि साधा गाळणपट्टा बसू शकतो, मोठी मशिनरी नाही. शिवाय हे पैसे बांधकामाचे आहेत. लाईट बिल दर महिन्याला गावानेच भरायचं असतं.

ग्रामसभेत हे पाच प्रश्न विचारा

- रोज किती पाणी निघतं? कोणी मोजलं का?
- माती कोणती, आणि पावसाळ्यात विहिरीचं पाणी किती वर येतं?
- महिन्याचं लाईट बिल किती येईल आणि ते कोणत्या निधीतून भरणार?
- देखभाल कोण करणार? त्याचा पगार ठरावात लिहिला आहे का?
- गाळ कधी, कोण आणि कुठे टाकणार?

या दोन गोष्टी विसरू नका

सेप्टिक टाकी किंवा मैल्याच्या चेंबरमध्ये माणूस उतरवू नये. आतल्या विषारी वायूने काही क्षणांत जीव जातो, आणि वाचवायला उतरलेलाही दगावतो. सुरक्षा साधनांशिवाय अशी सफाई करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसा मशीनच्या गाडीनेच करावा.

प्रक्रिया केलेलं पाणी झाडं, चारा आणि फळबागेला देता येतं. कोथिंबीर, मुळा, काकडी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना ते देऊ नये.