नोमचे बुडालेले सोने

१/ अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरील नोम येथे १८९९ च्या उन्हाळ्यात शेकडो लोक समुद्राच्या पुळणीवर लाकडी खोकी डुलवून वाळू धूत होते, कारण त्या वाळूत सोने होते. मग लाटांच्या पलीकडे, पाण्याखाली, किती असेल? या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळण्यास जवळजवळ सात दशके लागली आणि ते अपेक्षेहून वेगळे निघाले.

२/ प्रारंभ सप्टेंबर १८९८ चा. लिंडबर्ग, लिंडब्लॉम आणि ब्रिन्टेसन यांना अ‍ॅन्व्हिल क्रीक या ओढ्यात सोने सापडले. ‘तीन भाग्यवान स्वीडिश’ म्हणून ते ख्यात झाले. वस्तुतः लिंडबर्ग नॉर्वेचा होता. १९०० च्या जनगणनेत नोमची लोकसंख्या १२,४८८ भरली. त्याच वर्षी गोवर आणि इन्फ्लुएन्झाच्या साथीने पश्चिम अलास्कातील मूळ रहिवाशांचा मोठा संहार केला.

३/ ओढ्यांवरील हक्क आधीच वाटले गेले होते. पुळण मात्र सर्वांना खुली राहिली. फावडे, बादली आणि खोके एवढ्या भांडवलावर १८९९ च्या एका हंगामात तेथून दहा लाख डॉलरहून अधिक किमतीचे सोने निघाले.

४/ पुढे किनाऱ्यापासून आत, मैदानाच्या मातीखाली, आणखी पुळणी सापडल्या. ‘तिसरी पुळण’ आजच्या समुद्रपातळीहून सुमारे ७० फूट उंच होती. समुद्र कधीकाळी तेथवर होता आणि मागे हटताना आपली सोनेरी रेषा सोडून गेला होता.

५/ यावरून एक सरळ तर्क निघाला. समुद्र जसा वर चढला, तसा खालीही उतरला असणार. हिमयुगाच्या परमोच्च काळात पाणी शंभर मीटरहून अधिक खाली गेले होते आणि आशिया व अमेरिका जमिनीने जोडल्या गेल्या होत्या. तेव्हा बुडालेल्या पुळणी शोधाव्यात, म्हणजे सोने सापडेल!

६/ १९६७ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने आणि खाण विभागाने नोमसमोरील समुद्रतळाची पाहणी केली. ध्वनिलहरी तळावर आदळून परत येत. त्यांवरून तळाखालील थरांचा आलेख मिळे. जोडीला तळाचे नमुने आणि छिद्रे पाडून काढलेला गाळ होता. हान्स नेल्सन व डेव्हिड हॉपकिन्स या भूवैज्ञानिकांनी या पुराव्याची संगती लावली.

७/ बुडालेल्या पुळणी खरोखरच होत्या. परंतु सर्वांत समृद्ध सोने त्यांत नव्हते. ते होते किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावर पसरलेल्या रेवेच्या एका पातळ थरात, आणि त्या थराखाली होता हिमनदीने आणून टाकलेला राडारोडा.

८/ उलगडा झिजेच्या इतिहासात होता. प्राचीन हिमनद्यांनी डोंगरांतील सुवर्णयुक्त खडक खरवडून आजच्या किनाऱ्याच्या पुढे नेऊन टाकला. त्यात सोने होते, पण विखुरलेले. नंतर समुद्र वर चढला. लाटांनी माती आणि बारीक वाळू वाहून नेली. वाळूहून सुमारे सातपट जड असलेले सोने, विशेषतः त्याचे मोठे कण, गोट्यांसह जागीच राहिले.

९/ सोनारपेठेतील गाळ धुऊन सोन्याचे कण मिळवणारा झारेकरी हेच करतो. तो सोने उचलत नाही. सोने नसलेले सारे वाहून जाऊ देतो. नोमला हे काम हजारो वर्षे समुद्राने केले.

१०/ म्हणून पाण्याखालचा केवळ उंचसखलपणा मोजून भागले नसते. हिमनदी कोठवर पोचली होती आणि लाटांनी तिचा राडारोडा कोठे धुतला, या दोन सीमा जेथे एकमेकींवर पडतात, तेथे शोध घ्यावा लागतो.

११/ १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘बिमा’ हे अवाढव्य उत्खनन-जहाज नोमला आले. ते मूळचे इंडोनेशियाच्या समुद्रातून कथील काढण्यासाठी बांधलेले. १९९० मध्ये काम थांबेपर्यंत त्याने सुमारे साडेतीन टन सोने काढले. आजही तेथे लहान नौकांवरून पाणबुडे उतरतात, आणि हिवाळ्यात समुद्र गोठला की बर्फाला भोक पाडून त्याच रेवेपर्यंत पोचतात.