गिरगावची गच्ची आणि हिशेबाची वही

मुंबईचे गिरगाव म्हटले की आपल्याला केशवजी नाईक चाळ आठवते. १८९३ साली तिथे सुरू झालेल्या सार्वजनिक गणेशोत्सवाची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. त्याच गिरगावात ६६ वर्षांनंतर आणखी एक सार्वजनिक काम सुरू झाले. ते आपल्या माय-बहिणींच्या जास्त उपयोगाचे आहे, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी ते निवडले.

१५ मार्च १९५९ रोजी एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यापैकी एक. या बायका गुजरातीभाषक होत्या, शिक्षण बेताचे होते आणि हातात कला एकच, स्वयंपाकाची. छगनलाल पारेख, म्हणजे सर्वांचे छगनबाप्पा, यांच्याकडून ८० रुपये उसने घेतले. एक तोट्यात गेलेला पापडाचा धंदाच त्यांनी हाती घेतला होता. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. पुढे हीच संस्था 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' म्हणून देशभर पोचली.

यात नशिबाचा भाग किती आणि हिशेबाचा किती, ते पाहू. सुरुवातीलाच ठरले की देणगी मागायची नाही, मग तोटा आला तरी चालेल. आधी दोन प्रतींचे पापड निघत होते, त्यातली एक स्वस्तात विकण्यासाठी. छगनबाप्पांनी सल्ला दिला की प्रत एकच ठेवा, ती उत्तम ठेवा आणि हिशेब चोख ठेवा. त्यांचे म्हणणे असे की हे काम धंदा म्हणूनच चालवायचे. बायकांनी ते मानले.

पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. त्यात पावसाळ्याचे चार महिने काम बंद होते, कारण ऊन नाही तर पापड वाळणार कसे? राहिलेल्या आठ महिन्यांवर हा आकडा वाटला तर महिन्याला पावणेआठशे रुपये पडतात. म्हणजे चार महिन्यांच्या पावसाने तीन हजारांच्या आसपास विक्री बुडवली. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. धंदा बारमाही झाला. नुकसान नेमके कुठे होते हे कळले की उपाय फार महाग नसतो.

माणसेही अशीच वाढली. तीन महिन्यांत पंचवीसच्या आसपास बायका झाल्या, दुसऱ्या वर्षी दीडशे, तिसऱ्या वर्षी तीनशेच्या वर. गच्ची पुरेना, तेव्हा मळलेले पीठ घरी न्यायचे आणि लाटलेले पापड परत आणून द्यायचे अशी पद्धत पडली. पीठ मोजून द्यायचे, पापड मोजून घ्यायचे आणि मजुरी चुकती करायची. यात कोणाला कोणावर संशय घ्यायची वेळ येत नाही. १९६२-६३ मध्ये वार्षिक विक्री १ लाख ८२ हजारांवर गेली, म्हणजे पहिल्या वर्षाच्या सुमारे २९ पट.

सगळेच जमले असे नाही. १९६१ मध्ये मालाडला शाखा काढून पाहिली, ती चालली नाही. पुढे आगपेटी आणि अगरबत्तीही करून पाहिली, तीही टिकली नाही. जे चालत नाही ते थांबवले आणि पापड सोडला नाही. १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने तिला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली. शासनाची मदत आली, पण सात वर्षांचे काम आणि वह्या दाखवल्यानंतर. २०२१ मध्ये जसवंतीबेन पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. आज संस्थेत सुमारे ४५ हजार भगिनी आहेत.

आता आपल्याकडे वळू. सौंसर-पांढुर्ण्याच्या घराघरांत उन्हाळ्यात पापड, कुरड्या, सरगुंडे, मुंगवड्या होतात. हाताला चव आहे. नागपूरची बाजारपेठ जवळ आहे. जामसांवलीला मारुतीच्या दर्शनासाठी मंगळवारी-शनिवारी गर्दी लोटते. तरीही बरेच बचत गट कर्जाचे हप्ते फिटले की थंडावतात. सरकारी नोकरीत रजिस्टर भरण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून एवढे नक्की सांगतो: गटाच्या वहीत बहुधा डाळ, तेल, मसाल्याचा खर्च असतो, पण बाईच्या चार तासांची मजुरी नसते. मग सारा नफा वाटतो आणि वर्षाअखेरी हातात काही उरत नाही. 'घरचंच तर काम आहे' या एका वाक्याने आपल्या बायकांचे श्रम कित्येक पिढ्या फुकट गेले आहेत.

वहीला सहा रकाने पुरेत: तारीख, माल किती लागला, मजुरी किती, किती तयार झाले, कुठे विकले, किती परत आले. शनिवारी जामसांवलीत किती पाकिटे गेली आणि बुधवारी किती, हे तीन महिने लिहा. कोणत्या दिवशी किती लाटायचे ते वहीच सांगेल. कोणता जिन्नस बंद करायचा, तेही.

गणपतीला आपण विद्येची आणि बुद्धीची देवता म्हणतो. त्याच्यासमोर या वर्षी एक कोरी वही ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात पहिली नोंद करावी. नोंद बाईच्या मजुरीची असावी.