ज्ञात ग्रंथावरून अज्ञात लिपीकडे : जपानी वाचनाचे स्वाध्ययन आणि जत परिसराचा दाखला

१

परकी भाषा गुरूवाचून शिकता येते काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो व त्याचे उत्तर बहुधा नकारार्थी दिले जाते. बोलण्यापुरते हे उत्तर योग्य आहे, कारण उच्चार सुधारावयास दुसऱ्याचा कान लागतो. परंतु केवळ वाचनाचा विचार केला तर इतिहासाची साक्ष निराळी आहे. शिक्षकावाचून, किंवा शिक्षकाचे बोट फार लवकर सोडून, परभाषेतील ग्रंथ वाचू लागलेल्या व्यक्ती व मंडळ्या अनेक देशांत झालेल्या आहेत. त्यांच्या बाबतीत गुरूची जागा कोणी घेतली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. उदाहरण म्हणून जपानी भाषा घेतली आहे. वाचनाच्या दृष्टीने ती अत्यंत अवघड समजली जाते, आणि महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकाचा तिच्याशी सामान्यतः वाटतो त्याहून अधिक निकटचा संबंध आहे.

लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे : स्वाध्यायी वाचकाचा खरा गुरू म्हणजे ज्याचा आशय त्यास आधीच अवगत आहे असा ग्रंथ. व्याकरण व कोश हे ह्या गुरूचे साहाय्यक होत. मात्र हा गुरू जसा मार्ग दाखवितो तशी भूलही पाडतो, आणि ती भूल ओळखण्यातच संशोधकाची कसोटी लागते.

२

ह्या विवेचनास आरंभ जतपासून करण्यास कारण आहे. डफळे घराण्याचे हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ मध्ये निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात ते मोडू लागले व १९६० मध्ये ह्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. तालुक्याच्या पूर्वेस व दक्षिणेस कन्नड मुलूख लागतो. तालुक्यातील पुष्कळ गावांत घरची भाषा कन्नड, तर व्यवहाराची मराठी आहे. जुन्या पिढीपुढे मोडी, बाळबोध व कन्नड अशा तीन लिप्या होत्या : कागदपत्रांस मोडी, पोथीस बाळबोध आणि वचने व दासपदे ह्यांस कन्नड.

जत तालुक्यातील उमदी हे गाव भाऊसाहेब महाराज उमदीकर (मृत्यू १९१४) ह्यांच्यामुळे प्रसिद्ध आहे. गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) हे त्यांचेच शिष्य. ह्या परंपरेचे मूळ निंबरगी येथे, म्हणजे कन्नड प्रदेशात आहे व अनुयायांत कन्नड भाषकांचा भरणा मोठा आहे. असे असूनही दासबोध हा तिचा नित्यवाचनाचा ग्रंथ आहे व मराठी अभंग तिच्या भजनांत गायिले जातात. ज्याची मातृभाषा मराठी नाही असा मनुष्य येथे दासबोधापर्यंत पोहोचतो, तो व्याकरणाच्या वाटेने नव्हे. ओवी कानावर पडून मुखोद्गत होते, तिचा भावार्थ निरूपणातून समजतो, आणि पोथी उघडली म्हणजे परिचित ध्वनी व परिचित अर्थ ह्यांच्या साहाय्याने अपरिचित अक्षर ओळखीचे होऊ लागते. आशय आधी आणि अक्षर मागाहून, असा हा क्रम आहे. शाळेतील क्रम ह्याच्या नेमका उलट असतो.

हा क्रम केवळ सीमाभागाचा विशेष नाही. ज्या देशाची भाषा आपल्यापुढे आहे त्या जपानचा सारा वाचनेतिहास ह्याच तत्त्वावर उभा आहे.

३

जपानला स्वतःची लिपी नव्हती. चिनी ग्रंथ वाचीत असतानाच जपानी विद्वानांनी आपले वाचन घडविले. चिनी वाक्यात क्रियापद कर्माच्या आधी येते, तर जपानी वाक्यात ते शेवटी येते. म्हणून चिनी ओळीच्या कडेला बारीक खुणा करून ‘हे अक्षर मागाहून वाचावे’ असे दर्शविण्याची, व विभक्तिप्रत्यय बाजूस लिहून घेण्याची पद्धत तेथील भिक्षूंनी व पंडितांनी सिद्ध केली. तिला ‘कुन्दोकु’ म्हणतात. ग्रंथ चिनी, पण वाचकाच्या मुखातून निघे ती जपानी. ह्या टिपणांसाठी चिनी अक्षरांचे तुकडे घेऊन नवव्या शतकाच्या सुमारास जी चिन्हे रूढ झाली, त्यांतूनच आजची ‘काताकाना’ लिपी आली. सबंध चिनी अक्षरे जलद लिहिता लिहिता जे वळणदार रूप झाले ती ‘हिरागाना’. तेव्हा जपानी लिपीचा अर्धा भाग हा वाचकांनी पुस्तकाच्या समासात केलेल्या टिपणांचा वारसा होय.

दुसरे उदाहरण अठराव्या शतकातील आहे. १७७१ मध्ये सुगिता गेम्पाकु, माएनो र्‍योताकु व त्यांचे सहकारी वैद्य एका देहान्त शिक्षा झालेल्या व्यक्तीचे शवविच्छेदन पाहावयास गेले. त्यांच्याजवळ शरीररचनेवरील एक डच ग्रंथ होता. त्यातील आकृत्या प्रत्यक्ष देहाशी तंतोतंत जुळतात व चिनी वैद्यकातील वर्णने जुळत नाहीत, हे पाहून त्यांनी त्या ग्रंथाचे भाषांतर करण्याचा निश्चय केला. र्‍योताकुने नागासाकी येथे काही डच शब्द मिळविले होते. इतरांस ती भाषा जवळजवळ येतच नव्हती. येथे ‘ज्ञात ग्रंथ’ म्हणजे मानवी देहच होता. भुवई म्हणजे डोळ्यावरचे केस, एवढे एक वाक्य उलगडावयास वसंतातील एक दीर्घ दिवस खर्ची पडला, असे सुगिताने वृद्धापणी १८१५ मध्ये लिहिलेल्या आठवणींत नमूद केले आहे. १७७४ मध्ये ‘काइताइ शिन्शो’ हे भाषांतर प्रसिद्ध झाले व जपानमधील डच विद्येस नवे वळण लागले.

ह्याच आठवणींत नाकाचे वर्णन करणाऱ्या एका शब्दाची कथा आहे. त्या शब्दाचा अर्थ ‘उंचावलेले’ असा असावा, हे मंडळींनी तर्काने कसे ताडले, ते सुगिता रंगवून सांगतो. परंतु मूळ डच ग्रंथात नाकाच्या वर्णनात तो शब्दच नाही, असे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. स्वाध्यायाच्या आठवणी हे साधन किती जपून वापरावे लागते, ह्याचे हे बोलके उदाहरण होय.

४

आता मराठी वाचकाच्या दृष्टीने जपानी लिपीकडे पाहू. तिच्यात तीन प्रकारची चिन्हे एकत्र नांदतात : हिरागाना व काताकाना ह्या दोन अक्षरमाला, प्रत्येकीत ४६ मूळ चिन्हे, आणि चिनी अक्षरे, म्हणजे ‘कान्जी’. सामान्य व्यवहारासाठी सरकारने १९४६ मध्ये १८५० कान्जी निश्चित केली. १९८१ मध्ये ती १९४५ झाली व २०१० पासून २१३६ आहेत. संख्या पाहून छाती दडपते हे खरे, पण काही गोष्टी आपल्या पक्षाच्या आहेत.

पहिली गोष्ट वर्णक्रमाची. जपानी अक्षरमालेत स्वरांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ असा आहे आणि व्यंजनांचा क, स, त, न, ह, म, य, र, व असा. ही आपलीच वर्णमाला आहे. बौद्ध मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास करणाऱ्या जपानी भिक्षूंमुळे संस्कृत वर्णक्रम तेथे रुजला. ‘च’च्या जागी ‘स’ व ‘प’च्या जागी ‘ह’ दिसतो, ह्याचे कारण प्राचीन जपानीत त्या वर्णांचे उच्चार अनुक्रमे ‘त्स’ व ‘प’ ह्यांच्या जवळचे होते. जपानी कोश उघडणारा मराठी विद्यार्थी शब्द शोधण्याचा क्रम घरूनच घेऊन येतो.

दुसरी गोष्ट वाक्यरचनेची. ‘काल आलेला मनुष्य’ ह्यास कन्नडात ‘निन्ने बंद मनुष्य’ म्हणतात (‘बंद’ म्हणजे ‘आलेला’) व जपानीत ‘किनो किता हितो’. तिन्ही भाषांत पदांचा क्रम एकच आहे. ‘येतो म्हणून सांगितले’ ह्यास कन्नड ‘बरुत्तेने अंत हेळिद’ व जपानी ‘कुरु तो इत्ता’. येथे ‘म्हणून’, ‘अंत’ व ‘तो’ ह्यांचे कार्य एकच आहे. जतकडील द्विभाषिक मनुष्य दिवसातून शेकडो वेळा हीच रचना एका भाषेतून दुसरीत नेतो. इंग्रजीच्या द्वारे जपानी शिकणारास जे वाक्य उलटे वाटते ते त्यास सरळ वाटेल. अर्थात ह्यावरून भाषांचे कूळ एक असल्याचे अनुमान काढू नये. जपानीचा द्राविडी भाषांशी संबंध जोडण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण भाषाशास्त्रज्ञांनी सामान्यतः ते स्वीकारलेले नाहीत.

तिसरी गोष्ट कान्जीच्या उच्चारांची. पर्वतवाचक चिन्ह एके ठिकाणी ‘यामा’ व दुसरीकडे ‘सान’ असे वाचले जाते, हे नवख्यास विलक्षण वाटते. परंतु बाजारच्या पावतीवरील पाचाचा आकडा मराठी दुकानदार ‘पाच’ वाचतो व कन्नड गिऱ्हाईक ‘ऐदु’ वाचते. चिन्ह एक, अर्थ एक, वाणी दोन. कान्जीचे रहस्य तत्त्वतः ह्याहून निराळे नाही. तसेच जपानी लेखनात शब्दांमध्ये अंतर सोडीत नाहीत. ज्याने मोडी कागद वाचले आहेत त्यास हे नवीन नाही. मोडीतही शब्द सलग लिहिलेले असतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद दिसत नाही, आणि वाचक संदर्भावरून शब्द सोडवितो. मोडीवाचन म्हणजे पुढे काय येणार ह्याची अटकळ बांधण्याची विद्या होय. सनदेचा मायना ठाऊक असला म्हणजे सनद वाचता येते. येथेही आशय आधी, अक्षर मागाहून.

५

महाराष्ट्रात हे तत्त्व शास्त्रीय संशोधनास लावल्याचे ठळक उदाहरण पुण्याचे पालीपंडित पु. वि. बापट ह्यांचे आहे. बापट सर्वस्वी स्वाध्यायी नव्हते. त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात अध्ययन करून पीएच.डी. मिळविली होती. पण त्यांच्या कार्याची पद्धत आपल्या विषयास फार उपकारक आहे. उपतिष्याच्या ‘विमुत्तिमग्ग’ ह्या ग्रंथाचे पाली मूळ उपलब्ध नव्हते. सहाव्या शतकाच्या आरंभी संघपालाने केलेले त्याचे चिनी भाषांतर टिकून होते. ह्या ग्रंथाकडे विद्वानांचे लक्ष १९१९ मध्ये माकोतो नागाइ ह्या जपानी पंडिताने वेधले. बापटांनी हे चिनी भाषांतर बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’शी प्रकरणशः ताडून पाहिले व १९३७ मध्ये तो तुलनात्मक अभ्यास पुण्यास प्रसिद्ध केला. ज्ञात पाली ग्रंथाच्या आधारे चिनी वाक्य उलगडावयाचे, ही उमदीच्या पोथीवाचनाचीच रीत आहे.

परंतु येथेच भूल पडण्याचा संभव असतो. ज्ञात ग्रंथाच्या साहाय्याने वाचणारास अज्ञात ग्रंथात ज्ञात ग्रंथच दिसू लागतो. जेथे शब्द अडला तेथे पालीतील परिचित संज्ञा घालून पुढे जाण्याचा मोह होतो. बापटांच्या ग्रंथाचे मोल असे की, त्यांनी साम्याइतकाच भेदही टिपून ठेविला. विसुद्धिमग्गात ४० कर्मस्थाने आहेत तर विमुत्तिमग्गात ३८. एकात मनुष्यस्वभावाचे ६ प्रकार आहेत तर दुसऱ्यात १४. असल्या भेदांवरूनच विमुत्तिमग्गाचा संबंध लंकेतील अभयगिरी परंपरेशी असावा, असे मत त्यांनी मांडले. त्यावर पुढे वाद झाला, पण वादाचा पाया त्यांनी टिपलेले भेद हाच राहिला.

ह्याच ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९६१ मध्ये कोलंबोस निघाले. ते एहारा ह्या जपानी भिक्षूने व सोम आणि खेमिंद ह्या दोन सिंहली स्थविरांनी मिळून केले होते. एकास चिनी अक्षर अवगत, दुसऱ्यांस पाली आशय अवगत, अशी ती योजना होती. बापटांनीही १९७० मध्ये ‘समंतपासादिके’च्या चिनी रूपांतराचा इंग्रजी अनुवाद हिराकावा आकिरा ह्या जपानी विद्वानाच्या सहकार्याने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातर्फे प्रसिद्ध केला. स्वाध्यायाची परिणती अशी एकांतात न होता सहकार्यात होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

६

ह्या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय? मराठ्यांच्या इतिहासाच्या कागदपत्रांवर जपानी विद्वानांनी गेली सहा दशके गंभीर काम केले आहे. फुकाझावा हिरोशी ह्यांनी १९७२ मध्ये असे प्रतिपादिले की, अठराव्या शतकातील बलुतेदार हे विशिष्ट कुटुंबांचे आश्रित नसून सबंध गावाचे सेवक होते. त्यांचे इंग्रजी लेख १९९१ मध्ये ग्रंथरूपाने आले. कोतानी हिरोयुकी ह्यांचा पश्चिम भारतावरील इंग्रजी ग्रंथ २००२ मध्ये निघाला. परंतु दोघांनीही जपानीत जे लिहिले ते इंग्रजीत सर्वच्या सर्व आलेले नाही. आपल्या वतनांविषयी, आपल्या गावगाड्याविषयी, आपल्याच दप्तरांच्या आधारे झालेला विचार आपणच वाचू शकत नाही. त्यांनी मराठी शिकून आपले कागद वाचले. आपण मात्र त्यांच्या इंग्रजी सारांशांवर संतुष्ट आहो.

हा विषय ज्यास मुळातून ठाऊक आहे त्या मराठी विद्यार्थ्याच्या हाती पूर्वोक्त ‘ज्ञात ग्रंथ’ आधीच आहे. काताकानात लिहिलेला ‘पेशुवा’ किंवा ‘मराता’ दिसताच तो शब्द त्यास ओळखू येईल, आणि त्या एका शब्दावरून वाक्याचा विषय व कर्ता कळेल. लेखकाने एखाद्या मराठी पत्राचा उतारा दिला असल्यास मूळ पत्र उघडून दोन्ही शेजारी ठेवावीत. दोन्ही अक्षरमालांस काही आठवडे पुरतात. कान्जी मात्र विषयाच्या ओघाने घ्यावीत. जमीन, गाव, कर, हक्क, जात ह्या अर्थांची चिन्हे अशा ग्रंथात पुनःपुन्हा येतात. आणि बापटांप्रमाणे एक वही भेदांसाठी निराळी ठेवावी : आपण समजत होतो त्याहून लेखक निराळे काय म्हणतो, हे तीत लिहावे. ती वही कोरी राहिली तर समजावे की आपण अद्याप जपानी वाचलेले नाही, आपलेच ज्ञान परक्या अक्षरांत पाहिले आहे.

सीमाभागातून आलेल्या विद्यार्थ्याचे मिश्र भाषाज्ञान हा त्याचा दोष मानण्याची प्रवृत्ती आपल्या विद्यापीठांतून अजून गेलेली नाही. वरील विवेचन मान्य असेल तर ती बदलावयास हवी. दोन भाषांत वाढलेला व पोथीतून तिसरी लिपी उचलणारा जतकडील विद्यार्थी जपानी वाचनाच्या अध्ययनास इतरांहून अधिक सिद्ध आहे. त्यास हे कोणी तरी सांगावयास मात्र हवे.