वसती आणि बस्ती



गेल्या महिन्यात माझ्या भाचीचा इचलकरंजीहून फोन आला. जावयांची बदली मुंबईला झाली आहे. दोन मुलं, सोबत सासू-सासरे. "मावशी, घर कुठे बघू? ऑफिसजवळ घेतलं तर खोल्या लहान, लांब घेतलं तर ह्यांचा दिवस लोकलमध्ये. शाळा एकीकडे, मंदिर भलतीकडेच." मी म्हटलं, "दोन दिवस थांब, विचार करून सांगते." विचार करायला बसले आणि लक्षात आलं, हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. आपल्या समाजातल्या बायका दोनशे वर्षं याच शहरात हाच प्रश्न सोडवत आल्या आहेत.

आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे मंदिराला 'बस्ती' म्हणतात. लहानपणी आजी म्हणायची, "आधी बस्तीला जाऊन ये, मग नाश्ता." कानडीत तेच 'बसदि'. दोन्हींचं मूळ संस्कृत 'वसति', म्हणजे राहण्याची जागा. देव राहतो ती बस्ती आणि माणसं राहतात ती वसती, एकाच शब्दाची दोन रूपं. घर शोधताना मंदिर किती लांब आहे हे विचारणं म्हणजे जुनाट खूळ नव्हे. ते आपल्या भाषेतच आहे.

शास्त्रातही याचा विचार झालेला आहे. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी राजा कुमारपाळासाठी 'योगशास्त्र' रचलं. ग्रंथ श्वेतांबर परंपरेतला, पण गृहस्थाच्या गुणांची त्यातली यादी आपणही वाचावी अशी आहे. त्यात घराबद्दल अगदी व्यवहारी सांगितलं आहे: घर फार उघड्यावर नसावं, फार आडबाजूलाही नसावं, त्याला बाहेर पडायची दारं अनेक नसावीत, शेजारी चांगले असावेत. आणि ज्या जागेवर संकट आलं आहे ती जागा सोडावी. आठशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजच्या इस्टेट एजंटापेक्षा बरा आहे.

मुंबईत आपले लोक आधी कोटात, म्हणजे फोर्टात राहत. व्यापार तिथे, गोदी तिथे, म्हणून घरंही तिथेच. १८०३ मध्ये फोर्टात मोठी आग लागली. दाटीवाटीची लाकडी घरं जळाली. त्यानंतर सरकारने किल्ल्याभोवतीचं मैदान मोकळं ठेवलं आणि व्यापाऱ्यांना तटाबाहेर घरं बांधायला उत्तेजन दिलं. भुलेश्वर, काळबादेवी, पायधुनीचा भाग त्यानंतर भरत गेला. पायधुनी म्हणजे पाय धुण्याची जागा, कारण पूर्वी तिथे पाणी वाहत असे. १८१२ मध्ये तिथे गोडीजी पार्श्वनाथांची प्रतिष्ठा झाली. आगीनंतर दहा वर्षांच्या आत नव्या वसतीत देव आले. गुलालवाडी आणि भुलेश्वरची आपली दिगंबर मंदिरंही याच पट्ट्यातली.

पुढे शेठ मोतीशांनी भायखळ्याला आदीश्वरांचं मंदिर बांधलं. तेव्हा भायखळा म्हणजे शहराबाहेरच्या बागा आणि बंगले. याच मोतीशांनी जमशेटजी जीजीभॉय यांच्यासोबत १८३४ मध्ये पांजरपोळ सुरू केलं. रस्त्यावरची कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून दोन वर्षांपूर्वी, १८३२ मध्ये, शहरात दंगल झाली होती. त्या मुक्या जिवांना जागा हवी होती. एक जैन आणि एक पारशी यांनी मिळून ती दिली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वसती आपली होती, पण तिला कुंपण नव्हतं.

आता पाण्याचं. घर बघताना आपण विचारतो, पाणी चोवीस तास येतं का? आपल्या पणज्या विचारत, विहीर आहे का? पाणी दुहेरी कापडातून गाळायचं आणि गाळण्यात राहिलेले जीव, म्हणजे जीवाणी, ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात अलगद सोडायचे, ही आपली रीत. विहिरीवर ते जमतं. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं तेव्हा ही सोय झाली आणि अडचणही. नळातून आलेली जीवाणी परत कुठे सोडायची? पुढे १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचा अहवाल दिला आणि डास विहिरींत वाढतात म्हणून त्या बुजवायच्या किंवा झाकायच्या, असं ठरलं. हिंदू आणि पारशी लोकांनी धर्माच्या कारणाने हरकत घेतली. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. हिवतापाने पोरं मरत होती आणि विहिरीच्या पाण्याशिवाय पूजा-आहार अडत होता. आजही कित्येक मुनिमहाराजांच्या चौक्यात विहिरीचंच पाणी लागतं, आणि चातुर्मासात शहरातल्या बायका विहीर शोधत फिरतात. माझ्या ओळखीच्या एकीने तर घर घेताना आवारात विहीर आहे हे बघून तळमजला घेतला. लोक हसले. आज तिच्याच घरी चौका लागतो, पडगाहनासाठी उभं राहायला दारासमोर अंगण आहे, आणि हसलेल्यांचेही पाय तिकडेच वळतात.

१८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला. आपली बहुतेक दुकानं आणि चाळी तिथून हाकेच्या अंतरावर होत्या. लाखो लोक शहर सोडून गेले. संकटाची जागा सोडावी हे हेमचंद्रांचं वचन तेव्हा लोकांनी न वाचताच पाळलं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याकडे नवे प्लॉट पाडले. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची लोकल धावू लागली. घाटकोपर, मुलुंड, पार्ले, कांदिवली ही नावं हळूहळू आपल्या लग्नपत्रिकांत दिसू लागली ती यानंतर. एक दुकान करणाऱ्या भावांनी वेगवेगळ्या स्टेशनांवर घरं केली आणि एकत्र चूल वेगळी झाली. हवा मिळाली, पण सणाला आधी गाडी बघावी लागली.

आपण दिगंबर मुंबईत संख्येने थोडे. नव्याने येणाऱ्याला उतरायला जागा नसे. शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी हे ओळखलं. सी. पी. टँकजवळची हिराबाग धर्मशाळा त्यांनी वडिलांच्या नावाने बांधली. शिकायला येणाऱ्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली. त्यांची मुलगी मगनबाई लहान वयात विधवा झाली. तिने कोपऱ्यात बसून राहण्याऐवजी मुंबईत श्राविकाश्रम चालवला आणि आपल्यासारख्या बायकांना शिकायला छप्पर दिलं. घर शोधणारी ती बाई स्वतःपुरतं घर शोधून थांबली नाही.

आता माझी चूक सांगते, म्हणजे भाचीला सल्ला द्यायचा मला काय अधिकार ते कळेल.

आम्ही सांगलीहून आलो तेव्हा मी कल्याणच्या पुढे घर पसंत केलं. हवेशीर, दोन बेडरूम, भाडं परवडणारं. मंदिर दोन गाड्या बदलून होतं. मी म्हटलं, रविवारी जाऊ. सासूबाईंचा नियम होता, दर्शनाशिवाय जेवायचं नाही. त्या काही बोलल्या नाहीत. घरातल्या फोटोपुढे बसून जाप करायच्या आणि मग जेवायच्या. मला वाटलं, त्यांनी जुळवून घेतलं.

चार महिन्यांनी त्यांना चक्कर आली. डॉक्टरांनी विचारलं, मीठ बंद केलंय का? तेव्हा कळलं. दर्शन झालं नाही त्या दिवशी त्या एक रस सोडत होत्या. कधी मीठ, कधी तूप, कधी दूध. माझ्या हातची आमटी वाढून घ्यायच्या आणि बाजूला ठेवायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "आज नको वाटतंय." मी रोज ताट वाढत होते आणि मला दिसलं नव्हतं. मी रडले. त्या म्हणाल्या, "अगं, नियम माझा, तुला कशाला ओझं? घर तुला आवडलं होतं."

पुढच्या वर्षी आम्ही बोरिवलीत एका खोलीने लहान घर घेतलं. बस्ती पायी बारा मिनिटांवर. त्या शेवटपर्यंत, म्हणजे पावणेतीन वर्षं, रोज चालत गेल्या. वाटेत भाजीवाली, फुलवाली, शाळेला निघालेली पोरं, सगळ्यांशी ओळख. त्या गेल्या तेव्हा फुलवालीने त्या दिवशी पैसे घेतले नाहीत.

एक कडू गोष्टही लिहिते, कारण आपल्यात ती कोणी बोलत नाही. ते दुसरं घर शोधताना एका इमारतीत मी मराठीत बोलले, तर समोरचा म्हणाला, "इथे मांसाहारी लोकांना देत नाही." मी जैन असल्याचं सांगितल्यावर त्याचा चेहरा बदलला, चहाही आला. मला आनंद व्हायला हवा होता. पण खालच्या मजल्यावरच्या माझ्या मैत्रिणी आठवल्या, ज्यांनी सासूबाईंच्या आजारपणात रात्री दोनला रिक्षा आणली होती. त्यांना या दारातूनच परत पाठवलं असतं. एका समाजाने मिळून राहणं नवं नाही. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ची. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका पारशी सोसायटीच्या खटल्यात एका समाजाची सोसायटी चालू शकते असं मान्य केलं. स्वयंपाकाचा वास नको वाटणं मी समजू शकते, मलाही त्रास होतो. पण आपल्या खेड्यांत जैन गल्लीला लागूनच इतरांची गल्ली असते. शेजारी चांगले असावेत असं हेमचंद्र म्हणतात. चांगला शेजारी ताटावरून ओळखायचा की रात्री दोनच्या रिक्षेवरून, हे मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. ते घर आम्ही घेतलं नाही.

तर भाचीला मी हे सांगितलं:

घरातली सगळ्यात म्हातारी व्यक्ती मंदिरात एकटी, चालत, रस्ता न घाबरता ओलांडून जाऊ शकते का, ते स्वतः चालून बघ. सकाळीही आणि पावसातही.

जावई किती वाजता घरी पोचतील ते मोज. सूर्यास्ताआधी सगळ्यांचं एकत्र जेवण आठवड्यात एकदा तरी होईल असं अंतर ठेव. रोज नाही जमणार, हे मनाशी मान्य कर.

पाणी कुठून येतं विचार. विहीर असेल तर ती नीट झाकलेली आहे का तेही बघ. डासही आपल्याच घरात येतात.

शेजारच्या दोन दारांवर थाप मार. त्यांचं आडनाव विचारू नकोस, इथे किती वर्षं राहता ते विचार.

आणि शेवटचं. घर तुला आवडलं की सासूबाईंना वेगळं, एकटीला गाठून विचार. सगळ्यांसमोर त्या हो म्हणतील. आपल्या बायका सगळ्यांसमोर नेहमीच हो म्हणतात.

काल तिचा निरोप आला. ठाण्यात एक घर बघितलं आहे. मंदिर पायी पंधरा मिनिटं. खोल्या लहान आहेत. सासूबाई म्हणाल्या, "पंधरा मिनिटं म्हणजे माझी एक माळ होते."

मी तिला म्हटलं, मग घे.