दव पडत नाही

दुर्बिणीच्या तोंडाशी, भिंगाच्याही पुढे, एक पोकळ काळी नळी असते. तिच्यात ना काच, ना आरसा. नवीन दुर्बीण घेणाऱ्याला ती पॅकिंगचाच भाग वाटू शकते. तिची कामं मात्र दोन: बाजूचा उजेड अडवायचा आणि भिंगावर दव जमू द्यायचं नाही. या दोन कामांमागे दोन गोष्टी आहेत. एक बिअर बनवणाऱ्याची, दुसरी एका आजारी डॉक्टरची.

योहानेस हेवेलियस डान्झिगचा, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कचा. घरचा धंदा बिअरचा. १६४१ मध्ये त्याने स्वतःच्या घरांच्या छपरावर वेधशाळा उभारायला घेतली. त्या काळच्या दुर्बिणीत ताऱ्याभोवती रंगांची झालर दिसायची. ती कमी करायची तर भिंग कमी फुगीर हवं, आणि तसं भिंग घेतलं की दुर्बीण लांबत जायची. हेवेलियस लांबी वाढवत वाढवत १५० फुटांवर पोहोचला. ती पेलायला ९० फुटी डोलकाठी, कप्प्या, दोरखंड आणि ते ओढायला माणसं, असा सगळा जहाजी थाट होता.

इतकी लांब बंद नळी स्वतःच्या वजनानेच वाकली असती. म्हणून त्याने नळी काढूनच टाकली आणि फळ्या काटकोनात जोडून उघडी पन्हळ केली. वजन कमी झालं, पण आता चंद्राचा उजेड बाजूने सरळ आत शिरू शकत होता. अशा उजेडाने तारा पुसला जात नाही, पण त्यामागचं काळं आकाश राखाडी होतं आणि फिकट गोष्टी त्यात बुडतात. हेवेलियसने पन्हळीत ठरावीक अंतरावर गोल भोकं पाडलेल्या आडव्या फळ्या बसवल्या. समोरच्या भिंगातून आलेले किरण भोकांच्या रांगेतून पार होत, तिरका उजेड एखाद्या फळीवर अडे. आज दुर्बिणीच्या आतल्या अशाच कड्यांना बॅफल म्हणतात. या यंत्राचं चित्र त्याच्या १६७३ च्या ‘माखिना कोएलेस्टिस’ या ग्रंथात आहे.

दमट हवेत फळ्या वाकत, दोर आखडत, वारा आला की सगळंच हले. १६७९ च्या सप्टेंबरमधल्या आगीत त्याची वेधशाळा, छापखाना आणि उपकरणं गेली. तेव्हा तो ६८ वर्षांचा होता. त्याने वेधशाळा पुन्हा उभी केली. त्याच्यासोबत निरीक्षणं करणारी त्याची बायको एलिझाबेथ हिने, तो गेल्यावर, १६९० मध्ये ताऱ्यांची यादी छापून पूर्ण केली.

उजेडाचा बंदोबस्त असा झाला. दवाचं काय?

मराठीत दव ‘पडतं’. युरोपातही बरेच जण तेच मानायचे. काहींच्या मते ते जमिनीतून वर यायचं. विल्यम चार्ल्स वेल्स हा लंडनमधल्या सेंट थॉमस हॉस्पिटलचा डॉक्टर. तब्येत साथ देत नसतानाही तो लंडनजवळच्या एका बागेत रात्र रात्र प्रयोग करत बसे. साधनं साधीच: थर्मामीटर, तराजू आणि १०-१० ग्रेन वजनाचे, म्हणजे साधारण ६५० मिलिग्रॅमचे, लोकरीचे पुंजके.

एका रात्री त्याने भाजलेल्या मातीचा एक पोकळ नळा गवतावर उभा केला. अडीच फूट उंच, एक फूट रुंद, वरून उघडा. एक पुंजका नळ्याच्या आत, दुसरा बाहेर मोकळ्यावर. वारा अजिबात नव्हता. दव पावसासारखं पडत असतं, तर दोन्ही पुंजके सारखेच भिजले असते. बाहेरच्या पुंजक्याने १६ ग्रेन पाणी घेतलं, आतल्याने जेमतेम २ च्या वर.

दव पडत नाही, जमतं. निरभ्र रात्री उघडी वस्तू आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि आकाशाकडून तिला फार थोडी परत मिळते. ती हवेपेक्षा थंड होते आणि हवेतलं बाष्प तिच्यावर जमतं, थंड पाण्याच्या ग्लासवर जमतं तसं. आतल्या लोकरीला आकाशाचा छोटा तुकडाच दिसत होता, म्हणून ती कमी थंड झाली. वेल्सचा हा निबंध १८१४ मध्ये छापून आला, त्याच वर्षी त्याला रॉयल सोसायटीचं रम्फर्ड पदक मिळालं आणि तीन वर्षांनी तो वारला.

तो मातीचा नळा आणि दुर्बिणीची काळी नळी एकाच तत्त्वावर चालतात. दव आणि बाजूचा उजेड या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच: भिंगाला गरजेपेक्षा जास्त दिसतंय. जेवढं बघायचंय तेवढंच आकाश त्याच्यासमोर ठेवलं, की दोन्ही त्रास कमी होतात.

आपल्याकडे कोजागिरी ते संक्रांत हा आकाश बघायचा हंगाम, आणि दवाचाही. नळी नसेल तर काळ्या फोमची शीट गुंडाळून घरीच करता येते. लांबी भिंगाच्या व्यासाच्या दीडपट, म्हणजे ८० मिलिमीटरच्या भिंगाला १२० मिलिमीटर. आतली बाजू चमकणारी नको. दव थांबत नाही, पण उशिरा जमतं. जमलंच तर भिंग कापडाने पुसू नका, धुळीचे कण काचेवर ओरखडे काढतात. आपोआप वाळू द्या आणि मगच झाकण लावा. उघड्या सांगाड्याच्या मोठ्या दुर्बिणींना आज काळं कापड गुंडाळतात, तीही हेवेलियसच्याच अडचणीवरची तोड.

एका ठिकाणी मात्र ही नळी हरते. शेजारच्या गॅलरीतला दिवा ती अडवते. पण शहरभर वर उधळलेला उजेड धुळीवर आणि बाष्पावर विखुरतो आणि ताऱ्याच्याच दिशेने, नळीच्या अगदी समोरून आत येतो. त्याला कुठलीच फळी अडवू शकत नाही. तिथे आडोसा दिव्यालाच हवा: वरून झाकलेली, उजेड खाली रस्त्यावर टाकणारी टोपी. दिवा सोसायटीचा असेल तर हे कमिटीला सांगायचं, रस्त्यावरचा असेल तर महापालिकेला. टोपी लागली तर रस्त्यावरचा उजेड कमी होणार नाही, आणि गच्चीवरून चार तारे जास्त दिसतील.