हृद्‌रोहिणीचा अपसामान्य उगम

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या डाव्या व उजव्या हृद्‌रोहिण्या (धमन्या) महारोहिणीच्या मुळाशी उगम पावतात. क्वचित डावी हृद्‌रोहिणी जन्मतःच फुप्फुस रोहिणीतून निघते. हे प्रमाण सुमारे तीन लाख जन्मांमागे एक मानतात. जन्मानंतर फुप्फुस रोहिणीतील दाब उतरतो व डाव्या निलयास रक्त अपुरे पडते. उपचारांअभावी बहुतेक अर्भके पहिल्या वर्षातच दगावतात. उजव्या हृद्‌रोहिणीकडून येणाऱ्या जोडवाहिन्या पुरेशा वाढल्या, तरच रुग्ण प्रौढ वय गाठतो.

ही विकृती प्रथम आढळली ती शवविच्छेदनात. १८८५ मध्ये डब्लिन येथील ब्रुक्स यांनी फुप्फुस रोहिणीतून निघालेल्या हृद्‌रोहिणीची दोन उदाहरणे वर्णिली आणि तीतील रक्त उलट, फुप्फुस रोहिणीकडे वाहत असावे, असे अनुमान केले. १९३३ मध्ये ब्लँड, व्हाइट व गार्लंड यांनी बॉस्टन येथे एका अर्भकातील लक्षणे विद्युत् हृल्लेखासह नोंदविली. तेव्हापासून हा विकार त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९६० मध्ये सॅबिस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी दाब मोजून उलट प्रवाह सिद्ध केला.

या शोधाने उपचारांची दिशा ठरली. अपसामान्य रोहिणी उगमाशी बांधली की रक्ताची गळती थांबे. परंतु सारे हृदय एकाच रोहिणीवर विसंबून राही. म्हणून १९६६ मध्ये कूली यांनी नीलेचा तुकडा जोडून महारोहिणीतून रक्त आणले. १९७४ मध्ये नेचेस व सहकाऱ्यांनी मूळ रोहिणीच महारोहिणीत रोवल्याचे नोंदविले. १९७९ मध्ये ताकेउची यांनी फुप्फुस रोहिणीच्या आतून बोगद्यासारखा मार्ग तयार केला. प्रौढांत रोहिणी ताणून आणणे अवघड असल्यास पर्यायी वाहिनी जोडतात.

प्रौढ रुग्णास श्रमाने धाप लागते, छातीत दुखते किंवा घेरी येते. काहींत आकस्मिक मृत्यू हेच पहिले लक्षण ठरते. म्हणून लक्षणे नसली, तरी सामान्यतः शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. संगणकीय छेदचित्रणाने रोहिणीचा उगम आता जिवंतपणीच स्पष्ट दिसतो. कोल्हापूरसारख्या तालमींच्या शहरात या माहितीचे महत्त्व विशेष आहे. जोर-बैठका काढताना किंवा कुस्ती खेळताना तरुणास घेरी आली, तर ती अशक्तपणाची खूण समजून सोडून न देता हृदयाची तपासणी करणे आवश्यक ठरते.